सगळे सरडे हिरवे

शलाकाताई जाणार ही बातमी नववी ‘ब’ला सूचनावहीतून कळली, आणि तीसुद्धा सहलीच्या सूचनेखाली, उरलेल्या जागेत दाटीवाटीनं लिहिलेली! शिपाई बाबूमामा वही घेऊन दारात उभे राहिले. गणिताच्या भणगे सरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि एका दमात वाचून टाकलं, “सहल रद्द नाही, पुढे गेलीय. डब्यात तळलेलं काही आणायचं नाही. शाळेच्या समुपदेशक शलाका नाईकवाडी एक मार्चपासून खडकओढा प्रशालेत रुजू होतील. हं, पान ऐंशी काढा.”

वर्ग सहलीवरून कलकलाट करत बसला. तिसऱ्या बाकावरच्या नक्षत्रा वाघमोडेनं मात्र पान ऐंशी काढलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी, सातवीत, ही पोरगी वर्गात तोंडच उघडायची नाही. हजेरीला नाव आलं की घशात बोळा बसायचा. ती नुसता हात वर करायची, बाईंचं डोकं वहीत, की पडली गैरहजेरी. वर्षाअखेर तिची हजेरी भरली सत्तेचाळीस टक्के, आणि पठ्ठी एकही दिवस घरी राहिलेली नव्हती! मग सरकारच्या ‘मनसोबत’ योजनेतून ताई आल्या. खेळाच्या सामानाच्या खोलीतले फाटके चेंडू बाहेर निघाले, दोन खुर्च्या आणि एक सतरंजी आत गेली, आणि दर बुधवारचा चौथा तास नक्षत्राचा झाला. पहिला महिनाभर ती फक्त घरच्या म्हशीबद्दल बोलली. ताईंनी म्हशीचं सगळं मन लावून ऐकलं. तिसऱ्या महिन्यात नक्षत्रा हजेरीला ‘हजर’ म्हणाली, ते इतकं मोठ्यानं की शेजारच्या वर्गातली दोघं दचकून उभी राहिली. आणि आता? आता हिला गप्प कसं बसवायचं, ही वर्गाची अडचण होती.

पण एवढी बडबड करणाऱ्या पोरीच्या पोटात एक बारीकशी भीती होतीच. बुधवार गेला तर आवाजही जाईल. ही भीती तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

आणि ताई जायला कारण काय, तर सरडे!

सरडे म्हणजे मनगटावरच्या पट्ट्या. कागदोपत्री त्यांचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण पट्टी रंग बदलते म्हटल्यावर पोरं तिला दुसरं काय म्हणणार? माणूस ताणात असला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं रसायन वाढतं आणि त्याचा अगदी किंचित अंश घामातही उतरतो. पट्टीच्या आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा होता, आणि त्यावर कॉर्टिसॉलच्या रेणूच्या नेमक्या आकाराचे असंख्य खळगे. कुलपात किल्ली बसावी तसा तो रेणू खळग्यात बसायचा. जितके खळगे भरतील तितका पापुद्र्यातून जाणारा विजेचा बारीकसा प्रवाह बदलायचा. पळाल्यामुळे किंवा तापामुळे काही वाढ झाली असेल, तर ती नाडी आणि त्वचेचं तापमान बघून वजा व्हायची. उरला तो मनाचा ताण. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जरा जपून, आणि लाल म्हणजे या मुलाशी कुणीतरी बोलायला हवं.

हे कुणीतरी म्हणजे समुपदेशक. आधी सरकारनं शाळेगणिक एक द्यायचा ठरवला होता, पण शाळा ढिगानं आणि शिकलेली माणसं मोजकी. म्हणून २०३९च्या डिसेंबरात नवी पद्धत आली. पट्टी सगळ्यांना, माणूस मात्र जिथे लाल जास्त तिथे. ऐकायला अगदी रास्त! फक्त आंबेखिंडच्या जिल्हा परिषद प्रशालेत दोन महिन्यांत लाल किती निघाले? एकही नाही. पिवळासुद्धा नाही. मुख्याध्यापक चौगुले सरांनी तर फाटकावर फलकच लावून टाकला, ‘तालुक्यातील सर्वांत समाधानी शाळा’.

मधल्या सुट्टीत नक्षत्रा ताईंच्या खोलीत घुसली. ताई खोक्यात पुस्तकं भरत होत्या.

“ताई, तुम्ही नाही म्हणून सांगा ना त्यांना!”

“नक्षू, आधी बस. डबा खाल्लास?”

“डबा गेला उडत!”

“खडकओढ्याला एकवीस मुलं लाल आहेत गं. तिथे त्यांच्याशी बोलायला कुणीच नाही. मी नाही कसं म्हणू?”

“मग आम्हीपण लाल होऊन दाखवतो!”

ताईंनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. “नाटक करून माझा तास मिळवलास, तर तिकडच्या एखाद्या मुलीचा तास जाईल. तीही हजेरीला नुसता हात वर करत असेल. चालेल तुला?”

नक्षत्राला ते चालणार नव्हतं. पण ताई गेलेल्या तर मुळीच चालणार नव्हत्या! त्यामुळे ती सरळ वर्गात गेली आणि तिनं नववी ‘ब’ची सभा बोलावली.

तिच्या शेजारी भार्गवी दुधाळ बसली होती. बालवाडीपासूनची मैत्रीण, आणि बालवाडीपासूनच पहिला नंबर. दुसरा म्हणून आलाच नाही कधी. चेहरा कायम शांत, वह्यांना कायम कव्हर. शाळेतला सगळ्यांत गडद हिरवा सरडा भार्गवीचा, असं पोरं म्हणायची.

“मिरच्या खाऊ,” मागच्या बाकावरून विराज खोत म्हणाला. “घाम येतो.”

“नुसता घाम येऊन काय करायचाय? ताण यायला पाहिजे,” भार्गवी म्हणाली.

“मिरची खाल्ली की मला ताणच येतो.”

अकरा जणांनी मिरच्या खाल्ल्या. ओठ लाल झाले, सरडे हिरवेच राहिले. विराज नळाखाली तोंड धरून बसला असताना नक्षत्राला एकदम सुचलं.

“भणगे सर!” ती ओरडली.

सगळे गार. भणगे सरांची अचानक चाचणी हा आंबेखिंडमधला सर्वांत मोठा मानसिक ताण होता, यावर दुमत नव्हतं. नक्षत्रा शिक्षकांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. “सर, बीजगणिताची चाचणी घ्या ना. कधी ते सांगू नका. आणि सर, अवघड काढा.”

सरांचा चहा बशीत सांडला. बावीस वर्षांच्या नोकरीत असं कुणी मागितलं नव्हतं.

त्यांनी चाचणी दुसऱ्याच दिवशी, जेवणानंतरच्या तासाला घेतली, आणि वर म्हणाले, “हे गुण वार्षिकला धरणार.” विराज पेनाचं टोपण चावायला लागला. नक्षत्राचे तळहात गार पडले, कान तापले. छान! जमलं! तिनं हळूच बाही वर केली.

हिरवा.

तिनं शेजारी बघितलं, पुढे बघितलं, मान वळवून मागे बघितलं. त्रेचाळीस मनगटं, त्रेचाळीस हिरवे सरडे. भार्गवीचा पेपर केव्हाच सोडवून झाला होता, पण तिच्या बोटांखाली कागदाचा कोपरा घामानं भिजून लगदा झाला होता. तिचाही हिरवा.

“बिघडलेत ते,” तास संपल्यावर विराज म्हणाला.

“सगळेच्या सगळे? आणि खडकओढ्याचे तेवढे चांगले?” नक्षत्रा म्हणाली. “यंत्र बिघडलेलं नाही. त्याला काहीतरी चुकीचं शिकवलंय कुणीतरी.”

पट्टीसोबत एक पुस्तिका आली होती. ती शाळेत कुणीही वाचली नव्हती. बाबूमामांनी तिच्यावर कुंडी ठेवली होती. नक्षत्रानं कुंडी उचलली आणि पुस्तिका वाचायला घेतली. अकराव्या पानावर ते होतंच! प्रत्येक माणसाच्या शरीरातलं कॉर्टिसॉल वेगवेगळं असतं. म्हणून पट्टी पहिले चौदा दिवस नुसतं बघत राहते आणि जे दिसेल ते या माणसाचं ‘नेहमीचं’ असं धरून चालते. पुढचे सगळे रंग त्या नेहमीच्या तुलनेत. सबब पहिले चौदा दिवस शांत वातावरणातले असावेत.

ती धावत बाबूमामांकडे गेली. “मामा, डिसेंबरची सूचनावही द्या ना.”

“वही पोरांच्या हातात द्यायची नाही, असा नियम हाय.”

“मग तुम्ही हातात धरा. मी नुसती बघते.”

मामांनी विचार केला. नियमात हे बसत होतं. त्यांनी वही धरली आणि नक्षत्रा बोटानं ओळी मोजत वाचत गेली. आठ डिसेंबर, परिपाठात सर्वांना पट्ट्या बांधण्यात येतील. नऊ डिसेंबर, आजपासून दुसरी घटक चाचणी. बारा डिसेंबर, उद्या वार्षिक तपासणी, प्रत्येकानं सतराचा पाढा पाठ करून यावं, साहेब कुणालाही उभं करतील. पंधरा डिसेंबर, स्नेहसंमेलनाची तालीम, नाचात चुकणाऱ्याला वगळण्यात येईल. एकोणीस डिसेंबर, स्नेहसंमेलन. एकवीस डिसेंबर, पट्ट्यांचे चौदा दिवस पूर्ण.

“अगं बाई!” नक्षत्रा म्हणाली.

चौगुले सरांना प्रत्येक गोष्टीत तालुक्यात पहिलं यायचं असायचं. पट्ट्यांची खोकी ज्या दिवशी आली त्याच दिवशी त्यांनी ती फोडली, फोटो काढला, वर पाठवला. आणि वर्षातले सर्वांत धास्तीचे चौदा दिवस यंत्रानं गुमान ‘नेहमीचे’ म्हणून लिहून घेतले! आता भणगे सर आले काय किंवा वाघ आला काय, सरड्याच्या लेखी ते नेहमीचंच. तीनशे बारा पोरांचं काळीज रोज घटक चाचणी, तपासणी आणि नाच यांच्याशी ताडून बघितलं जात होतं, आणि मग साहजिकच सगळे समाधानी निघत होते.

हे सांगायचं कुणी? शुक्रवारी विस्तार अधिकारी कुलथे मॅडम ताईंच्या बदलीवर सही करायला येणार होत्या. नक्षत्रा ताईंना म्हणाली, “तुम्ही बोला.”

“मी बोलले तर मी माझ्या सोयीसाठी बोलतेय असं होईल,” ताई म्हणाल्या. “शोध तुझा आहे. तूच सांग.”

“चौगुले सर काय म्हणतील?”

“ते सरांना ठरवू दे ना.”

शुक्रवारी कार्यालयात पंखा घरघरत होता. टेबलावर कागद तयार होते, कुलथे मॅडमच्या हातात पेन होतं आणि चौगुले सर पाहुण्यांसाठी पोह्यांवर खोबरं घालून घेत होते. नक्षत्रा दारात उभी राहिली. तोंड उघडलं, आणि घशात तोच जुना बोळा. दोन वर्षांनी! तिचा हात आपोआप वर गेला.

“हात काय वर करतेस? वर्ग आहे का हा? बोल की,” मॅडम म्हणाल्या.

मग नक्षत्रानं वर गेलेला हात तसाच ठेवला आणि बोलायला सुरुवात केली, कारण खाली घ्यायला थांबली असती तर धीरही खाली गेला असता. चौदा दिवस, चाचणी, तपासणी, सतराचा पाढा, नाच, मिरच्या, भणगे सर, सगळं एका दमात. “मॅडम, आमचं नेहमीचं किती ते काढा आणि दुसऱ्या कुठल्याही शाळेचं काढा. मी खोटी ठरले तर सही करा,” असं म्हणून ती थांबली. हात अजून वरच.

मॅडमनी टॅबलेटवर बोट फिरवलं. एक शाळा, दुसरी शाळा, तिसरी. मग आंबेखिंड. त्यांच्या भुवया वर गेल्या. “दुप्पट आहे,” त्या म्हणाल्या. “चौगुले सर, खोकी आली त्याच दिवशी बांधल्या होत्या?”

सरांना काहीही म्हणता आलं असतं. खोकी उशिरा आली, पुस्तिका मिळालीच नाही, मुलगी लहान आहे. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाले, “बांधल्या, मॅडम. मला पहिलं यायचं होतं.” आणि त्यांनीच पुढे जोडलं, “फलक काढतो. मी स्वतः काढतो.”

“आणि तू,” मॅडम नक्षत्राला म्हणाल्या, “हात खाली घे आता. दुखेल.”

सगळ्या पट्ट्या पुसून पुन्हा सुरू करायचं ठरलं. चौदा दिवस संपूर्ण शांततेत, दहावी सोडून. दहावीला शांत करणं आपल्या हातात नाही, असं मॅडमनी स्पष्टच सांगितलं. खरे आकडे येईपर्यंत ताईंची बदली थांबली.

ते चौदा दिवस आंबेखिंड कधी विसरणार नाही. चाचण्या बंद, ओरडणं बंद, कान धरणं बंद. बाबूमामा घंटा रुमाल गुंडाळून वाजवायचे. ती कुणाला ऐकूच जायची नाही, त्यामुळे मराठीचा एक तास अडीच तास चालला. भणगे सरांनी मऊ आवाजात बोलायचा सराव केला. “बाळांनो, पुस्तकं उघडा बरं,” असं ते पहिल्या दिवशी म्हणाले तेव्हा अर्धा वर्ग घाबरून पांढरा पडला आणि सरांना पुन्हा मध्यम आवाजात बोलायची परवानगी द्यावी लागली.

पंधराव्या दिवशी, बुधवारीच, परिपाठाला सगळे रांगेत उभे राहिले, आणि सरडे पहिल्यांदाच सरड्यांसारखे वागले. बरेचसे हिरवे, मधे मधे पिवळे, आणि लाल अकरा. अकरा! ताई आता तीन दिवस खडकओढ्याला आणि बुधवार-गुरुवार आंबेखिंडला, असं मॅडमनी फोनवरच सांगून टाकलं. नववी ‘ब’नं अशी आरोळी ठोकली की सहा हिरवे सरडे जागच्या जागी पिवळे झाले.

नक्षत्रानं स्वतःची बाही वर केली. हिरवा. या वेळी अगदी खराखुरा हिरवा. आणि बुधवारचे तास लालवाल्यांचे.

म्हणजे एवढा खटाटोप करून ताई राहिल्या, पण तिच्या वाट्याला आल्याच नाहीत! तिला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात शेजारी भार्गवीनं स्वेटरची बाही बोटांपर्यंत खाली ओढली. फेब्रुवारीअखेरच्या उन्हात!

“दाखव,” तिसरा तास संपल्यावर नक्षत्रा तिला पाण्याच्या टाकीमागे नेऊन म्हणाली.

“काही नाही गं.”

“भारू. दाखव.”

लाल. काठोकाठ लाल.

“यंत्राचं काहीतरी चुकलंय,” भार्गवी घाईघाईनं म्हणाली. “मला कशाचा ताण? मी पहिली येते. नक्षे, ऐक ना. आपण पट्ट्या बदलू. तुला ताई पाहिजेत ना? तुला बुधवार मिळेल, आणि माझं घरी कुणाला कळणार नाही. दोघींचं काम होतंय.”

तिनं पट्टी काढलीसुद्धा. लाल सरडा नक्षत्राच्या तळहातावर आला. किती सोपं होतं! कुणालाच कळलं नसतं. तोच तास, तीच सतरंजी, त्याच ताई. नक्षत्रानं मूठ मिटली. एक-दोन क्षण ती खरंच मिटून उभी राहिली.

मग तिला पेपरचा तो भिजलेला कोपरा आठवला. ही पोरगी किती दिवस अशी बसलीय माझ्या शेजारी? आणि मी आपली माझी मिळालेली वाचा सगळीकडे मिरवत हिंडतेय!

“हात कर पुढे,” ती म्हणाली आणि पट्टी परत भार्गवीच्या मनगटावर बांधली. “चल. चौथा तास सुरू झाला.”

“मी नाही येणार. आत जाऊन बोलायचं काय?”

“काहीही. मी महिनाभर म्हशीबद्दल बोलले.”

“आमच्याकडे म्हैस नाही.”

“मग बीजगणिताबद्दल बोल. ते तर तुझं लाडकं.”

दोघी खोलीच्या दाराशी पोचल्या होत्या. भार्गवी थांबली. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि इतक्या हळू म्हणाली की नक्षत्राला कान जवळ न्यावा लागला, “मला बीजगणित आवडत नाही. मुळीच आवडत नाही. मला भीती वाटते त्याची. रोज.”

बालवाडीपासूनची मैत्री, आणि हे वाक्य आज!

दार उघडलं. ताईंनी एकीकडून दुसरीकडे बघितलं. “कोण येतंय?”

“ही,” नक्षत्रा म्हणाली आणि मैत्रिणीच्या पाठीला हलकासा धक्का दिला.

चौथा तास संपला. दार उघडलं नाही. पाचवा तास भणगे सरांचा. त्यांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं आणि सवयीनं तिसऱ्या बाकाकडे खडू पुढे केला. जागा रिकामी.

“दुधाळ कुठाय?”

“ती बोलतेय, सर,” नक्षत्रा उभी राहून म्हणाली.

“कुणाशी? तास सुरू झालाय.”

“तिला बोलू द्या, सर. पहिल्यांदाच बोलतेय.”

सरांनी मान हलवली, आणि खडू तसाच शेजारच्या मुलीकडे वळवला. “बरं. मग तू ये, वाघमोडे.”

नक्षत्रा फळ्याशी गेली. तिनं उदाहरण मोठ्या धीरानं, मोठ्या आवाजात, समजावून सांगत सांगत सोडवलं, आणि ते साफ चुकलं. वर्ग खदखदून हसला. तीही हसली. मग तिनं मनगटाकडे बघितलं, तर सरडा चक्क पिवळा!

“सर,” ती आनंदानं ओरडली, “चालतंय! अगदी बरोबर चालतंय!”